मामाचा नऊ

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एकच शब्द नऊ वेळा लावलेला होता: ‘आमंत्रण’. नऊ कागद, नऊ फॉन्ट, शब्द मात्र तोच. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, यांच्याकडे समारंभ फार आणि येणारं कोणी नाही. खरी गोष्ट अशी, की सासूबाईंनी धंदा उभा केला तो आमंत्रणपत्रिकांवर, आणि तेव्हापासून नवा फॉन्ट आला की त्या त्याच्याकडून हा एकच शब्द लिहून घेत. ‘म’ची कंबर, ‘त्र’चा पाय, ‘ण’चा दांडा, एवढं बघितलं की माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं. फॉन्टला त्या माणूसच म्हणत. पसंत पडला तर तो भिंतीवर जाई आणि त्याला एक नातं मिळे.

म्हणून या दुकानात फॉन्टचं खरं नाव कोणी घेत नसे. वळणावळणाची, अंगावर चार दागिने जास्तच घातलेली ती आत्या. ताठ, टोकदार कोपऱ्यांचे, हसणं माहीत नसलेले ते थोरले काका. वकिलांची लेटरहेडं आणि शोकसंदेश त्यांच्याकडे. गुबगुबीत गालांची ती मावशी. बालवाड्या, आइस्क्रीम आणि दातांचे डॉक्टर तिच्या वाट्याला. आणि सगळ्यांच्या मधोमध मामा. भरदार अंग, भारदस्त चाल, ‘त्र’चा पाय असा टाकलेला की कागदानेच जरा सरकून जागा द्यावी. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यालाच कळत नसलं की सासूबाई म्हणत, “मामाला बसवून बघ.” दहातल्या सात वेळा मामा बसे. उरलेल्या तीन वेळा गिऱ्हाईक बसे, गप्प.

सासूबाईंचा एक ठोकताळा होता. गिऱ्हाईक फॉन्ट निवडतं तेव्हा स्वतःचा फोटो निवडल्यासारखं निवडतं. आपण कसे आहोत ते बाजूला, कसे दिसावे ते समोर. हडकुळा माणूस जाड अक्षर मागतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो सगळं ठळक करायला लावतो. हा ठोकताळा सुनेलाही मान्य होता. फक्त तिने तो आणखी एका माणसाला लावून पाहिला होता: सासूबाई चणीने एवढ्याशा, उंच स्टुलावर बसल्या की पाय लोंबकळायचे, आणि त्यांचा लाडका कोण, तर मामा. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. शहाणपणाची काही खाती मनातच ठेवायची असतात.

सुनेला दुकानात ‘नवी’ म्हणत. नाव पडलं त्याला तीन वर्षं झाली. तिच्यानंतर संगणक नवा आला, खुर्च्या नव्या आल्या, दाराचं कुलूपही नवं आलं, पण नवी म्हणजे अजून तीच. या तीन वर्षांत तिने सुचवलेले फॉन्ट चौदा, भिंतीवर गेलेला एकही नाही. भिंतीबाहेरचा फॉन्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्याला चहापाणी व्हायचं, म्हणजे एखादं पत्रक, एखादा लखोटा. मुक्कामाचं नाव काढायचं नाही. नवीला याचा राग येत नसे. तिच्या मते वेळ तिच्या बाजूची होती, आणि डोळेही.

तिसरा माणूस तिचा नवरा. तो मागच्या खोलीत कटिंग मशीन चालवायचा, मागून चिकट असलेल्या रंगीत कागदातून अक्षरं कापून पाट्यांवर लावायचा. आई बोलली की आईकडे बघून मान हलवायची, बायको बोलली की बायकोकडे, आणि दोघी एकदम बोलल्या की मशीन सुरू करायचं, असा त्याचा साधा संसार होता.

एका शुक्रवारी सासूबाई छापखान्यात गेलेल्या असताना फोन वाजला. बोटवाले साहेब होते. नदीवर प्रवासी बोटी चालवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक, नुकतेच या पदावर आलेले. सहा धक्क्यांवरच्या वेळापत्रकाच्या पाट्या बावीस वर्षं याच दुकानाकडे होत्या. आधीच्या साहेबांनी कधी फोन केला नव्हता, म्हणजे काम चांगलं चाललं होतं.

“तुमच्या पाट्या वाचता येत नाहीत,” साहेबांनी नमस्काराच्या जागी हेच म्हटलं. “सकाळची सहा अकराची बोट. रोज पाच-सात माणसं सहा एकोणीसला पोचतात आणि माझ्या माणसांशी भांडतात. पाटीवर एकोणीस आहे म्हणतात. मी जाऊन पाहिलं, पाटीवर अकराच आहे. पण खरं सांगू? मलाही लांबून एकोणीसच वाटलं.”

“मग पाटी बदलून देऊ,” नवी म्हणाली.

“बदलून मीही घेऊ शकतो. दुसरं एक दुकान तयार बसलंय. तुम्हाला बावीस वर्षं झाली म्हणून एक संधी देतोय, एवढंच.”

इथे सासूबाई असत्या तर त्यांनी “बघून सांगते” म्हटलं असतं. नवी म्हणाली, “शंभर पावलांवरून वाचता येईल अशी पाटी देते. भर दुपारच्या उन्हात. सोमवारी बारा वाजता धक्क्यावर नमुना आणते, तुम्ही स्वतः वाचा. नाही वाचता आलं तर त्या दुकानाचा फोन नंबर मीच तुम्हाला लावून देईन.”

“शंभर पावलं?”

“मोजून.”

फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण सहा धक्के एका वाक्यावर टांगून ठेवलेत. बोटीचं काम गेलं असतं तर घरात कोणी काही म्हटलं नसतं, आणि तेच वाईट होतं. पुढची वीस वर्षं कोणी काही न म्हणता ते आठवत राहिलं असतं. पण भीती वाटायला जी एक शंका लागते ती तिच्याकडे नव्हती. तिने जुन्या पाटीची फाइल उघडली.

पाटी मामात होती. अर्थातच. वर ‘बोटींच्या वेळा’ अशी राजेशाही अक्षरं आणि खाली आकड्यांच्या अकरा ओळी. नवीने तो ‘११’ पडद्यावर मोठा केला, शेजारी ‘१९’ ठेवला आणि खुर्ची मागे घेत घेत दारापर्यंत गेली. मामाच्या एकाला डौलदार गाठ आणि लांब शेपूट. मामाच्या नवालाही तीच गाठ, तेच शेपूट. नवाच्या डावीकडे जो बाक ठसठशीत बाहेर यायला हवा, तो मामाने खिशात हात घातल्यासारखा आत दुमडून घेतलेला. दारातून दोघे जुळे भाऊ दिसत होते.

मग तिने भिंतीकडे पाहिलं. आमंत्रण, आमंत्रण, आमंत्रण. नऊ नातेवाईक, आणि आजवर एकालाही कोणी मोजायला लावलं नव्हतं. पत्रिकेवर तारीख आणि वेळ अक्षरांतच लिहायची, हा सासूबाईंचा नियम. आकडे घातले की पत्रिका वाण्याच्या चिठ्ठीसारखी दिसते, असं त्या म्हणत. म्हणजे अख्ख्या दुकानाने आकडा म्हणून कधी डोळे उघडून पाहिलाच नव्हता. आणि ज्या पाटीवर अक्षरं दोन शब्दांपुरती आणि आकडे ढीगभर, त्या पाटीचा फॉन्ट निवडला होता ‘त्र’चा पाय बघून.

सासूबाई परत आल्या, चप्पल काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं.

“मामाला काय धाड भरलीय?”

“मामा ठणठणीत आहेत, आई. लोकांची बोट चुकतेय.”

“लोक उशिरा येतात. उशिरा येणारा माणूस पाटीवर ढकलतो, घड्याळावर ढकलतो, बायकोवर ढकलतो. मी अकरा वर्षं ती पाटी बघतेय, मला कधी अकराचे एकोणीस दिसले नाहीत.”

“तुम्ही ती पाटी बघत नाही. तुम्हाला ती पाठ आहे.”

सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. हे लक्षण नवऱ्याने मागच्या खोलीतून ओळखलं आणि मशीन सुरू केलं.

“आणि शंभर पावलं कोणाला विचारून कबूल केलीस?”

“तुम्ही नव्हता.”

“मी छापखान्यात होते, परलोकात नव्हते. बरं, तुझा पाहुणा कोण?”

नवीने पंधरावा पाहुणा दाखवला. साधा, सडपातळ, मोकळा. एक म्हणजे एक, नऊ म्हणजे नऊ, आठ दुरूनही आठच. सासूबाईंनी सवयीने त्याच्याकडून ‘आमंत्रण’ लिहून घेतलं आणि नाक मुरडलं. “हा पंगतीत बसायला आलाय की पाणी वाढायला? याच्या अंगावर काही आहे का?”

“आकडे आहेत.”

“दोन्ही घेऊन जाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “मामा नव्याने कापून घे, तुझा हाही घे. शंभर पावलांवरून मी वाचते. म्हणजे तुझ्या साहेबांनाही कळेल की दोष पाटीचा नाही.”

नवीने दोन नमुने बनवले, पाच-पाच ओळींचे. पण त्यात खऱ्या वेळा घातल्या नाहीत. मनाने रचल्या. हे तिने सासूबाईंना सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली.

सोमवारी दुपारी धक्क्यावर ऊन पाण्यावर पडून वर उसळत होतं. बोटवाले साहेब आले होते, बाह्या दुमडलेल्या, हातात वही. तिकीटखिडकीतल्या बाई खिडकी अर्धी लावून बाहेर आल्या. चौदा वर्षं त्या तिथे बसत आणि पाटीवरून होणारी भांडणं पहिल्यांदा त्यांच्याच कानावर आदळत. नवऱ्याने मामाची फळी खांबाला टेकवली. सासूबाई पावलं मोजत गेल्या. त्यांची पावलं लहान, म्हणून साहेबांनी दहा वाढवून घेतली.

“वाचा, बाई!” साहेब ओरडले.

सासूबाईंनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “सहा अकरा! सात एकोणपन्नास! नऊ एकोणीस! अकरा एक्केचाळीस! एक अकरा!” एकदाही अडखळल्या नाहीत. वाचून झाल्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारख्या चालत परत आल्या, फळीसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांचं चालणंही थांबलं आणि चेहराही.

फळीवर सहा एकोणीस होतं. सात एक्केचाळीस. नऊ अकरा. अकरा एकोणपन्नास. एक एकोणीस. पाचही चुकल्या होत्या.

“या वेळा खोट्या आहेत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पाठ केल्या असत्या.”

तिकीटवाल्या बाईंना हसू आवरलं नाही. “मनाला लावून घेऊ नका हो. इथे रोजचं आहे हे. मी आता सकाळी खिडकीतून नुसतं अकरा, अकरा ओरडत असते. तुमच्या या कॉम्प्युटरच्या पाटीआधीची पाटी होती ना, रंगाने काढलेली, तिच्या वेळेला कोणी भांडायला यायचं नाही. कोणी काढली होती कोण जाणे, पण नऊ काय काढला होता! पार तिकडच्या पायरीवरून दिसायचा.”

“मी काढली होती,” सासूबाई म्हणाल्या.

नवीने घाईने दुसरी फळी लावायला सांगितली, पाहुण्याची. साहेब म्हणाले, आता मीच जातो. ते चाळीस पावलांवरून नीट वाचत होते. साठावर त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. ऐंशीवर थांबले, मान डावीउजवीकडे केली आणि परत आले.

“वरच्या दोन ओळी दिसतात. खालच्या उन्हात विरघळल्या. रेघाच राहत नाहीत.”

“तुझा पाहुणा ऊन लागलं तर उठून गेला की,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

साहेबांनी वही मिटली. “शंभर म्हणाला होतात. एक पाटी चुकीची वाचली जाते, दुसरी वाचलीच जात नाही. मला वेळापत्रक पुढच्या आठवड्यात लावायचंय. गुरुवारी बारापर्यंत थांबतो. त्यानंतर मी ते दुसरं दुकान बघतो, मग रागवायचं नाही.”

“गुरुवारी देते,” नवी म्हणाली.

“शंभर?”

“शंभरच.”

घरी येताना गाडीत नवरा आरशात बघून मागच्या सीटवरच्या आईला मान हलवत होता आणि शेजारच्या बायकोला वेगळी. दुकानाजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मी पाचही चुकले?”

“पाचही.”

“एखादी तरी बरोबर म्हणायचीस.”

“सहा अकरा तुम्ही इतकं जोरात वाचलंत, क्षणभर मलाच वाटलं माझी फळी चुकली.”

सासूबाईंच्या नाकपुड्या हलल्या. हसू दाबलं की त्यांचं असं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी दुकानात आली तेव्हा जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि सासूबाई त्यांच्यावर ओणव्या होत्या. हातात चपटा ब्रश, शेजारी काळ्या रंगाचा डबा. वर्तमानपत्रभर नऊच नऊ. सुरुवातीचे जरा थरथरते, मग हळूहळू हात आठवत गेलेला. शेवटच्या रांगेतला नऊ बघून नवी उभीच राहिली. डावीकडचा बाक खुल्या हाताने दार उघडल्यासारखा बाहेर, गाठ लहान, पोटात हवा, शेपूट जिथे संपायला हवं तिथे संपलेलं.

“हा कुठे होता इतकी वर्षं?”

“हातात होता,” सासूबाई म्हणाल्या. “कॉम्प्युटर आला तेव्हा वाटलं, आता हाताचं काम संपलं. मामा आयता देखणा मिळाला. त्याचे आकडे बघायचं सुचलंच नाही. बघ ना, ब्रशने काढत होते तेव्हा मी आधी आकडे काढायचे, मग अक्षरं. धक्क्यावर माणूस वाचायला थोडाच येतो? बोट किती वाजता, एवढंच बघतो.”

“मग हाच स्कॅन करून लावू?”

“सहा पाट्या, दर मोसमाला नव्या वेळा? माझे गुडघे काय मशीनला लावणार आहेस? तुझ्या त्या पाहुण्याला बोलाव. तो किती जाड्यांत मिळतो?”

पाहुणा पाच जाड्यांत मिळत होता, अगदी काडीपासून थेट पैलवानापर्यंत. नवीने सोमवारी दुसरी जाडी घेतली होती, पडद्यावर ती सर्वांत सुबक दिसली म्हणून. आता ती सरळ पाचवीवर गेली. एकदा तोंडावर आपटलं की माणूस दुसऱ्या टोकाला पळतो, आणि नवी माणूसच होती.

“ही बघा. आता ऊन काय करतंय बघू.”

“ऊन काही नाही करणार, ही स्वतःच स्वतःला खाईल. आठाकडे बघ. नवाची गाठ बघ. भोक कुठाय?” सासूबाईंनी ब्रशच्या दांड्याने पडद्यावर टोकलं. “लांबून हे सगळे काळे गोळे. भोक राहिलं पाहिजे. आकड्याला नाक मोकळं लागतं.”

“चौथी?”

“माझा ब्रश धर.”

नवीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने पाचही जाड्यांचे नऊ त्याच मापात पारदर्शक कागदावर छापले आणि एकेक करून वर्तमानपत्रातल्या त्या शेवटच्या नवावर ठेवले. पहिला आत बुडाला. दुसरा अरुंद. चौथा बाहेर सांडला. तिसरा असा जाऊन बसला की दोघी क्षणभर खालचा कुठला आणि वरचा कुठला ते शोधत राहिल्या. ब्रशची रेघ आणि पाहुण्याची रेघ एका मापाची निघाली; बाकाचा कोन तेवढा किंचित वेगळा.

“तिसरी,” दोघी एकदम म्हणाल्या. मागच्या खोलीत मशीन सुरू झालं नाही.

पण नवीने तेवढ्यावर सोडलं नाही. तिने दोन आकड्यांमधली फट वाढवली, कारण ‘११’ एकमेकांना चिकटले की लांबून एकच काहीतरी दिसतं. सासूबाई म्हणाल्या फार वाढवलीस, दात पडल्यासारखं दिसतं. नवीने अर्ध्यावर आणली. सासूबाई म्हणाल्या वरचं शीर्षक मामातच राहू दे. नवी म्हणाली नको, पाटीवर दोन आवाज नकोत. यावर अर्धा तास गेला. शेवटी सासूबाईंनी मामाचं शीर्षक छापून फळीवर चिकटवलं, लांब गेल्या, परत आल्या, आणि कागद काढून, घडी करून कमरेला खोचला. नवीनेही तिकडे बघितलं नाही. तेवढं तिला कळत होतं.

दुपारी फळी गल्लीच्या टोकाला ठेवून दोघी पावलं मोजत गेल्या. नव्वदापर्यंत छान. पुढे खालच्या ओळीवर पांढरा डाग चमकायचा आणि आकडे गायब.

“पुन्हा ऊन,” नवी म्हणाली. आता तिच्या आवाजाला पहिल्यांदा जरा कडा आली. “जाडी बरोबर आहे, फट बरोबर आहे. मग काय राहिलं?”

नवरा फळी धरून उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दोघींपैकी कोणीच बोलत नाही असं बघून म्हणाला, “कागद चकचकीत आहे. मॅट घ्या.”

दोघी त्याच्याकडे वळल्या.

“तुला हे आधीपासून माहीत होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“सोमवारपासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही दोघी फॉन्टबद्दल बोलत होता,” तो म्हणाला. तीन वर्षांत त्याच्या नावावर ठाम मत असं हे एकच जमा झालं होतं, आणि ते बरोबर निघालं.

गुरुवारी फळीवर कुठल्या वेळा घालायच्या ते सासूबाईंनी ठरवलं. नवीने खऱ्या घालते म्हटलं तर त्या म्हणाल्या, “अजिबात नाही. साहेबांनाही आता वेळा पाठ झाल्या असतील. खोट्याच घाल. आणि एक आणि नऊ ठासून भर. पडायचंच असेल तर खऱ्या खड्ड्यात पडू.” शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली: बारा एकोणीस.

बाराला पाच कमी असताना फळी खांबाला लागली. ऊन सोमवारसारखंच. साहेब शंभर पावलं गेले, मोजून, स्वतःच्या लांब ढांगांनी. उभे राहिले. पाचही वेळा वाचल्या. पाचही बरोबर. नवीने श्वास सोडला, पण साहेब परत आले ते कपाळाला आठी घेऊनच.

“मला दिसलं. पण माझे डोळे चांगले आहेत, आणि मी वाचायलाच उभा होतो. माझा प्रवासी असा नसतो. तो पळत येतो, हातात पिशव्या, डोक्यात दुसरंच. तो उभा राहून पाटी वाचत नाही. त्याला दिसेल का, हे मी कसं ठरवू?”

“शंभर पावलं ठरली होती,” नवी म्हणाली.

“ठरली होती. तुम्ही दिलीत. पण सहा धक्क्यांचा प्रश्न आहे, मला जरा—”

त्याच वेळी धक्क्याच्या फाटकातून एक गृहस्थ धापा टाकत आत शिरले. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत छत्री, टाय खांद्यावरून मागे गेलेला. फाटकातच त्यांनी पळता पळता मान वर केली, खांबाकडे एक नजर टाकली, मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकली, आणि त्यांचं पळणं थांबलं. साध्या चालीने ते आले, बाकावर बसले, पिशव्या दोन बाजूंना ठेवल्या आणि रुमालाने मान पुसू लागले.

फाटक तिथून शंभराच्या पुढे होतं. साहेबांनी तिकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि ते काही बोलायच्या आत तिकीटवाल्या बाई खिडकीतून म्हणाल्या, “काका, कुठली बोट?”

“बारा एकोणीसची.”

“बारा एकोणीसला बोट नाहीये. बारा चाळीसला आहे.”

“नाही कशी?” गृहस्थ उठून उभे राहिले. “तिथे लिहिलंय की. बारा एकोणीस.”

साहेब पुढे झाले. “तुम्हाला फाटकातून दिसलं?”

“दिसलं म्हणजे? न दिसायला काय झालं? एवढं स्वच्छ लिहिलंय! नाहीतर तुमच्या पाट्या म्हणजे… ते जाऊ द्या. बारा एकोणीस म्हणजे बारा एकोणीस. मी पळत होतो, पाटी बघितली म्हणून थांबलो. आता नाही म्हणता?”

“अहो, तो नमुना आहे.”

“नमुना खांबाला का लावलाय?”

साहेब नवीकडे वळले, नवी सासूबाईंकडे. सासूबाई चष्मा पदराने पुसत होत्या.

“वेळ आम्ही दाखवली, साहेब,” त्या म्हणाल्या. “बोट तुमच्याकडची.”

साहेबांनी वही उघडली, तिच्यात काहीतरी लिहिलं आणि मिटली. “सहाही धक्के. हीच अक्षरं, हाच कागद. कधी मिळेल?”

सासूबाईंच्या ओठांवर “बघून सांगते” आलं होतं. नवीला ते आलेलं दिसलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे बघत गप्प राहिल्या. बावीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्या गप्प राहिल्याचं नवऱ्याला आठवत नव्हतं.

“सोमवारी सकाळी,” नवी म्हणाली. “लावून.”

“सोमवारी लावून,” साहेबांनी परत म्हणून घेतलं.

गृहस्थ मात्र अजून ऐकायला तयार नव्हते. बारा एकोणीसची बोट नसेल तर त्यांना लेखी हवं होतं. तिकीटवाल्या बाई त्यांना बाकावर बसवत होत्या, ते पुन्हा उठत होते. आणि तेवढ्यात फाटकातून एक बाई मुलीचा हात धरून पळत आल्या, त्यांनी मान वर केली, घड्याळ बघितलं, आणि त्यांचीही चाल मंदावली. त्यांच्यामागे आणखी दोघे होते.

“पालथी घाल!” सासूबाई ओरडल्या. “अगं पालथी घाल ती, आधी पालथी घाल!”

नवी धावली. तिने फळी खांबावरून ओढून धक्क्याच्या जमिनीवर पालथी टाकली, आणि वाऱ्याने उलटायला नको म्हणून सासूबाई येऊन फळीवर चक्क बसल्या.